मानवी हालचालींतली पीएच.डी. : नियम काय मागतात, विषय काय मागतो

पक्षाघातातून सावरलेल्या माणसाची चाल एका बाजूला का ओढते? वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला चीर का जाते? सत्तरी ओलांडलेली माणसं न्हाणीघरात तोल जाऊन पडतात, ती नेमक्या कोणत्या क्षणी सावरू शकली असती? वरवर पाहता पहिला प्रश्न मेंदूच्या डॉक्टरांचा, दुसरा क्रिकेट प्रशिक्षकाचा आणि तिसरा घरातल्या मोठ्यांची काळजी घेणाऱ्यांचा. विद्यापीठांच्या जगात मात्र हे तिन्ही प्रश्न गेल्या साठेक वर्षांत एका विषयात येऊन बसले. त्याला कुठे किनेसिओलॉजी म्हणतात, कुठे ह्यूमन मूव्हमेंट सायन्स, कुठे क्रीडा व व्यायामविज्ञान. शरीररचना, शरीरक्रिया, यांत्रिकी, मज्जाशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र अशा सहा वाटा या विषयात येऊन मिळतात.

या विषयात डॉक्टरेट मिळवायची तर काय काय करावं लागतं, याचा हा आढावा आहे. अमेरिका, नेदरलँड्स, ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि भारत इथल्या नियमांच्या याद्या शेजारी शेजारी मांडल्या, तर त्या आश्चर्य वाटावं इतक्या सारख्या दिसतात : प्रवेशाची पात्रता, थोडा अभ्यासक्रम, एखादी परीक्षा, नैतिक मान्यता, प्रबंध, तोंडी परीक्षा. खरा फरक यादीबाहेर आहे. विद्यार्थ्याला स्वतःच्या विद्याशाखेचं कुंपण ओलांडायला कोण किती भाग पाडतं, यावर या पदवीचं वजन ठरतं. भारतातल्या नियमांत त्यासाठी पुरेशी जागा आहे. ती वापरली मात्र फार कमी जाते.

विषय कसा घडला

अटी समजून घ्यायच्या तर विषयाची घडण आधी पाहायला हवी, कारण प्रत्येक अटीमागे कुणाची तरी जुनी अडचण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये विल्हेल्म ब्राऊन हे शरीररचनातज्ज्ञ आणि ओटो फिशर हे गणितज्ञ एकत्र आले. एका सैनिकाच्या हातापायांना त्यांनी प्रकाश देणाऱ्या गाइसलर नळ्या बांधल्या, अंधारात त्याला चालवलं आणि कॅमेऱ्यांनी त्या प्रकाशरेषा टिपल्या. काही पावलांच्या त्या नोंदींवरून आकडेमोड करायला पुढे वर्षं लागली. ब्राऊन १८९२ मध्ये वारले. चालीवरचा त्यांचा ग्रंथ १८९५ ते १९०४ या काळात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. शरीर जाणणारा एक आणि गणित जाणणारा एक, अशी जोडी जमल्याशिवाय हे काम झालंच नसतं. आजही या विषयातल्या पीएच.डी.कडून हीच अपेक्षा आहे, फरक एवढाच की आता ती जोडी एकाच डोक्यात असावी लागते.

१९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन लोहारांच्या घणाचे घाव टिपत होते. अनुभवी लोहाराचा घण दर वेळी जवळपास त्याच वाटेने खाली येतो, पण खांदा, कोपर आणि मनगट मात्र प्रत्येक घावाला थोडे वेगळे वागतात, असं त्यांना दिसलं. मेंदू प्रत्येक स्नायूला ठरलेला हुकूम देतो, ही समजूत त्यामुळे ढासळली. इतके सांधे, इतके स्नायू आणि त्यांच्या असंख्य शक्यता असताना शरीर एक हालचाल निवडतं कसं, हा त्यांचा प्रश्न आजही या विषयाच्या मध्यभागी आहे. १९४८ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालेले बर्नस्टाइन पुढे पावलॉव्हवादाच्या लाटेत बाजूला पडले. पाश्चात्त्य जगात त्यांचं काम खऱ्या अर्थाने पोहोचलं ते १९६७ च्या इंग्रजी भाषांतरातून, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने.

तिसरा धागा शरीरक्रियाशास्त्राचा. स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरच्या कामासाठी ए. व्ही. हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं. हार्वर्डमध्ये १९२७ ते १९४७ अशी वीस वर्षं चाललेल्या फटीग लॅबोरेटरीने थकवा, उष्णता आणि उंचीवरची विरळ हवा यांचा माणसावर होणारा परिणाम मोजला. व्यायामाचं शरीरशास्त्र म्हणून आज जे शिकवलं जातं, त्यातला बराच पाया तिथे घातला गेला.

हे सगळं चालू असताना अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षण विभागांचं काम मात्र मुख्यतः शाळांसाठी शिक्षक घडवण्याचं होतं. १९६३ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी शिक्षक-प्रशिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर कडक टीका केली आणि ते बंद करण्यापर्यंत मजल मारली. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा होऊ शकते, असा निबंध लिहिला. खेळ कसा शिकवावा हा एक प्रश्न आणि माणूस हालचाल कशी करतो, शिकतो, दमतो हा दुसरा, असं त्यांनी वेगळं मांडलं. पुढच्या दोन-तीन दशकांत अमेरिकी विभागांनी नावं बदलली, प्रयोगशाळा उभारल्या आणि पीएच.डी.च्या अटी विज्ञानाच्या मापाने लिहिल्या. अॅमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठात १९७० च्या दशकात या विषयाची पायाभरणी झाली. १९८२ पासून ‘ह्यूमन मूव्हमेंट सायन्स’ याच नावाचं संशोधन नियतकालिक निघू लागलं. म्हणजे आज आपण पाहतो त्या अटींच्या मुळाशी एक अपमान आणि त्याला दिलेलं उत्तर आहे.

दारातल्या अटी

अमेरिकेत किनेसिओलॉजी, फिजिओथेरपी, जैवअभियांत्रिकी, मानसशास्त्र किंवा जीवशास्त्र यांपैकी कुठूनही आलेला विद्यार्थी चालतो. पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश देणारी विद्यापीठंही आहेत. जीआरई ही परीक्षा अनेकांनी अलीकडे सोडून दिली. निर्णायक ठरतं ते मार्गदर्शकाशी जुळणं. त्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत जागा, पैसा आणि तुमच्या प्रश्नात रस असेल, तरच प्रवेश होतो. म्हणून अर्जाआधी प्राध्यापकाला पत्र लिहिणं हाच तिथला खरा पहिला टप्पा.

नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही नोकरी असते. अॅमस्टरडॅम किंवा ग्रोनिंगेनच्या विभागात मंजूर प्रकल्पासाठी जाहिरात निघते, मुलाखत होते, साधारण चार वर्षांचा करार होतो आणि पगार सुरू होतो. त्यामुळे विषय बऱ्याचदा आधीच ठरलेला असतो. स्वातंत्र्य थोडं कमी, चिंता मात्र बरीच कमी.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाची नोव्हेंबर २०२२ ची नियमावली लागू आहे. पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे आपल्याकडच्या ‘पेट’मध्ये, निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. २०२४-२५ पासून ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएच.डी.चा प्रवेश मिळू शकतो. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी एवढीच मर्यादा असल्यामुळे उत्तीर्ण होऊनही ‘गाइड मिळत नाही’ ही तक्रार विद्यार्थ्यांच्या तोंडी कायम असते.

इथेच पहिला फरक जाणवतो. अमेरिकी विभाग कलन, भौतिकशास्त्र आणि शरीररचना यांतलं काय झालं आहे ते तपासतो आणि राहिलं असेल ते आधी पूर्ण करायला लावतो. आपली पात्रता टक्क्यांत मोजली जाते. एम.पी.एड. झालेल्या विद्यार्थ्याचा गणिताशी संबंध दहावी-बारावीत सुटलेला असू शकतो आणि बायोमेडिकल अभियंत्याने गुडघ्याचा सांधा फक्त आकृतीत पाहिलेला असू शकतो. ५५ टक्क्यांची अट दोघंही पूर्ण करतात.

कोर्सवर्क

भारतात किमान १२ क्रेडिट्सचं कोर्सवर्क बंधनकारक आहे. त्यात संशोधन व प्रकाशनातली नैतिकता हा विषय हवाच आणि किमान ५५ टक्के गुणही हवेत. झुरिकच्या ईटीएच या संस्थेची मागणीही किमान १२ क्रेडिट्सचीच आहे. व्रिये विद्यापीठ ३० युरोपीय क्रेडिट्स मागतं, म्हणजे सुमारे अर्ध्या वर्षाचा पूर्णवेळ अभ्यास. ब्रिटनमध्ये पारंपरिक पीएच.डी.ला औपचारिक अभ्यासक्रम जवळपास नसतोच. अमेरिकेत मात्र पहिली दोन वर्षं मुख्यतः वर्गात जातात.

आकड्यांपेक्षा त्यांत काय भरलं आहे ते महत्त्वाचं. अमेरिकेतल्या चांगल्या कार्यक्रमांत चार गोष्टी हटकून असतात : संख्याशास्त्राचे ओळीने दोन-तीन अभ्यासक्रम, मोजमापाच्या उपकरणांचा आणि संकेत-विश्लेषणाचा एक, स्वतःच्या उपविषयातले खोल परिसंवाद आणि बाहेरच्या विभागातला गौण विषय. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या ह्यूमन मूव्हमेंट सायन्सच्या पीएच.डी.ची रचनाच आंतरविद्याशाखीय आहे. फिजिओथेरपीची बाजू आणि व्यायाम व क्रीडाविज्ञानाची बाजू तिथे एकाच छताखाली आणली गेली. त्यामुळे दुसऱ्या विभागात जाऊन बसणं तिथे परवानगीचा विषय राहत नाही, ते कामाचाच भाग होतं.

आपल्याकडच्या कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धती, संगणक आणि साहित्याचा आढावा असे सगळ्या विषयांना सामायिक पेपर जास्त दिसतात. ते निरुपयोगी नाहीत. पण मराठी साहित्याच्या आणि हालचालीच्या संशोधकाला एकाच वर्गात नमुना-निवड शिकवली, की दोघांनाही आपापली हत्यारं हातात घेता येत नाहीत.

मधली परीक्षा

कोर्सवर्क संपलं की अमेरिकी विद्यार्थ्यापुढे सर्वंकष परीक्षा उभी राहते. समितीतला प्रत्येक सदस्य प्रश्न देतो, उत्तरं कित्येक दिवस लिहावी लागतात आणि मग तोंडी परीक्षा होते. साधारणपणे दुसरी संधी मिळते. तिथेही अडखळलं, तर पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडावं लागतं. त्यानंतर संशोधनाचा आराखडा मांडायचा. चॅपेल हिलच्या पदव्युत्तर शाळेचा नियम प्रबंध-समितीत किमान पाच सदस्य मागतो आणि पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षांत सगळं पूर्ण करायला सांगतो. ब्रिटनच्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाअखेर एम.फिल.वरून पीएच.डी.कडे बढती देणारी छाननी असते. ईटीएचमध्ये पहिल्या वर्षातच पात्रतेसाठी चर्चासत्राला सामोरं जावं लागतं.

भारतात या जागी संशोधन सल्लागार समिती आहे. दर सत्राला विद्यार्थ्याने तिच्यापुढे प्रगती मांडायची, समितीने सुधारणा सुचवायच्या आणि काम समाधानकारक नसेल तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करता येते. कागदावर ही व्यवस्था कुणापेक्षा कमी नाही. पण सर्वंकष परीक्षेचा एक गुण तिच्यात नाही : आपल्या प्रश्नापलीकडचा विषय विद्यार्थ्याला किती येतो, हे ती तपासत नाही. चालीवर काम करणाऱ्याने मोटर लर्निंग वाचलं आहे का, स्नायूंवर काम करणाऱ्याला न्यूटनचे नियम सांध्याला लावता येतात का, हे विचारायची वेळ अमेरिकेत या परीक्षेत येते. आपल्याकडे ती थेट व्हायव्हाच्या दिवशी येते आणि तोवर उशीर झालेला असतो.

भारतातल्या कालावधीचे आकडेही पाहून ठेवावेत. किमान तीन वर्षं, कमाल सहा आणि पुढे फार तर दोन वर्षांची मुदतवाढ. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत. महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते.

प्रयोगशाळा : कुठेच नीट न लिहिलेली अट

नियमावल्यांत ज्या अटीला एखादी ओळ मिळते, तिच्यात या विषयाचा अर्धा जीव आहे. हालचाल मोजता यावी लागते आणि मोजमाप कुठे फसवतं तेही कळावं लागतं.

चालीच्या प्रयोगशाळेत अंगावर लहान परावर्तक गोळ्या चिकटवतात. भोवतीचे कॅमेरे सेकंदाला शंभर-दोनशे वेळा त्यांची जागा टिपतात. जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट पाऊल किती जोराने आणि कोणत्या दिशेने टेकलं, हे सेकंदाला साधारण हजार वेळा नोंदवते. ईएमजीचे इलेक्ट्रोड स्नायूंतला विद्युतसंकेत ऐकतात. मग या सगळ्यातून उलटं गणित मांडून गुडघ्यावर, घोट्यावर, खुब्यावर किती भार आला ते काढतात. पडद्यावर चालणारा सुंदर सांगाडा दिसतो आणि नवखा माणूस त्यावर भुलतो.

गोम पुढे आहे. गोळी कातडीवर असते, हाडावर नाही. धावताना मांडीवरची कातडी हाडावरून सेंटीमीटरभर किंवा जास्तही सरकते. संकेतातला गोंगाट गाळायला कोणती वारंवारता निवडली, यावर उत्तर बदलतं. सांध्याचा अक्ष कसा ठरवला, यावरही ते बदलतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय बायोमेकॅनिक्स संघटनेने २००२ आणि २००५ मध्ये सांध्यांच्या अक्षांबाबत शिफारशी दिल्या. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने हे सगळं पुस्तकात वाचून भागत नाही. स्वतः गोळ्या चिकटवायच्या, त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा चिकटवायच्या आणि दोन दिवसांच्या आकड्यांत किती फरक पडला ते मांडायचं. एवढं केलेल्याच्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो.

महागडी यंत्रं नाहीत, ही सबबही आता पूर्वीइतकी टिकत नाही. स्टॅनफर्डने २००७ मध्ये लोकांसमोर आणलेलं ओपनसिम हे स्नायू-सांध्यांचं प्रतिमान करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेलं, २०२३ मध्ये शोधनिबंधातून मांडलेलं ओपनकॅप दोन फोनच्या चित्रफितींवरून त्रिमित हालचालीचा अंदाज बांधतं. त्याची अचूकता प्रयोगशाळेइतकी नाही, पण कोणत्या प्रश्नाला किती अचूकता पुरते हे ठरवणं हा स्वतःच एक अभ्यास आहे. सोबत पायथन किंवा मॅटलॅब यायला हवं. तयार सॉफ्टवेअरचं बटण दाबून आलेला आलेख स्वतःच्या ओळींनी पुन्हा काढता येत नसेल, तर तो आलेख विद्यार्थ्याचा नाही.

माणसावर मोजमाप करायचं म्हणजे नैतिक मान्यता आलीच. अमेरिकेत संस्थेचं परीक्षण मंडळ, भारतात नैतिकता समिती आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्यावी लागते. विदर्भातल्या खेड्यात काम करणाऱ्याने इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं हा गुन्हा नसला, तरी ती संमती नव्हे. उपचाराची किंवा व्यायामाची चाचणी असेल, तर २००७ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत नाव घालावं लागतं, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी येण्याआधीच नोंदणी झालेली असावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे काम उरकल्यावर नोंदणी शोधणारा विद्यार्थी वर्ष गमावून बसतो.

प्रबंध आणि व्हायव्हा

डच प्रबंध म्हणजे बहुधा चार-पाच शोधनिबंधांना प्रस्तावना आणि समारोप जोडून छापलेलं पुस्तक. अमेरिकेत सलग प्रबंध किंवा तीन निबंधांचा संच, दोन्ही चालतात. भारतात सलग, जाडजूड प्रबंधाची परंपरा आहे. २०१६ च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि दोन परिषदांतली सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ मध्ये ही सक्ती काढली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार पाहता हा निर्णय योग्यच म्हणायला हवा. मात्र चांगल्या नियतकालिकातल्या अनोळखी परीक्षकाकडून एकदा झोडपून निघणं हे शिक्षणच असतं. सक्ती गेली म्हणून ते सोडणारा विद्यार्थी स्वतःचंच नुकसान करतो.

मजकुरातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई, हा आयोगाचा २०१८ चा नियम. विद्यापीठाबाहेरचे किमान दोन परीक्षक प्रबंध तपासतात, खुली तोंडी परीक्षा होते आणि प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’वर जाते. त्यामुळे भारतातले प्रबंध कुणालाही उघडून वाचता येतात. प्रवेशाआधी आपल्या विषयातले पाच-सहा प्रबंध तिथे वाचले, तर काय करावं आणि काय करू नये हे दोन्ही कळतं.

तोंडी परीक्षेच्या तऱ्हा निराळ्या आहेत. ब्रिटनमध्ये बंद दाराआड दोन परीक्षक आणि विद्यार्थी. अमेरिकेत आधी जाहीर सादरीकरण, मग समितीचे प्रश्न. नेदरलँड्समध्ये झगे घातलेले प्राध्यापक, उमेदवाराच्या बाजूला उभे राहणारे दोन साथीदार, आणि ठरलेली वेळ संपताच दंड घेऊन आलेला विद्यापीठाचा मानकरी ‘होरा एस्ट’ म्हणजे वेळ झाली, अशी घोषणा करतो. वाक्य अर्धवट राहिलं तरी चालतं. तिथे खरा निर्णय प्रबंध वाचणाऱ्या समितीने आधीच दिलेला असतो. ऑस्ट्रेलियात तर दीर्घकाळ बाहेरच्या परीक्षकांच्या लेखी अहवालांवरच पदवी मिळत असे.

एक गल्लत इथेच दूर करावी. अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी घ्यावी लागणारी डीपीटी ही सुमारे तीन वर्षांची व्यावसायिक पदवी आहे. तिच्या नावात डॉक्टर हा शब्द असला, तरी स्वतंत्र संशोधन ही तिची अट नाही. संशोधक व्हायचं असेल, तर डीपीटीनंतरही पीएच.डी. वेगळी करावी लागते.

आपल्याकडे हा विषय राहतो कुठे?

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा लहान नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत पोटातला दाब किती बदलतो हे यंत्राने मोजलं. क्ष-किरण वापरून आसनांचा अभ्यास करणारा हा माणूस हार्वर्डच्या प्रयोगशाळेच्याही तीन वर्षं आधी काम करत होता. पुढे ग्वाल्हेरला १९५७ मध्ये शारीरिक शिक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय आलं, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आयआयटीत जैवअभियांत्रिकीचे विभाग निघाले.

अडचण वाटणीची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार शारीरिक शिक्षण आंतरविद्याशाखीय अभ्यासाच्या विद्याशाखेत मोडतं, तर भौतिकशास्त्र व जीवशास्त्र विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्याशाखेत. फिजिओथेरपी तर दुसऱ्याच विद्यापीठात, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. शारीरिक शिक्षणाच्या अध्यापक-पदव्यांवर एका राष्ट्रीय परिषदेची नजर, फिजिओथेरपीवर २०२१ च्या कायद्याने आलेल्या आयोगाची आणि आयआयटी आपल्या सिनेटच्या नियमांनी चालणारी. तिघंही गुडघ्यावरच पीएच.डी. देतात, पण एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाईलच असं नाही. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं, तर तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापलं पाहिजे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. त्याच उमेदवाराला त्या धावण्यात गुडघ्यावर किती भार आला हे काढता येतं का, हे कोणी विचारत नाही.

आणि विचारण्यासारखं खूप आहे. उलट्या गणितासाठी हातापायांचं वजन आणि त्याचा मध्य कुठे आहे हे माहीत असावं लागतं. जगभर वापरली जाणारी कोष्टकं कुठून आली? १९५५ चं डेम्पस्टर यांचं कोष्टक आठ मृतदेहांवरून, तेही बहुतांशी वयस्कर गोऱ्या पुरुषांच्या. १९८० च्या दशकातलं झात्सिओर्स्की यांचं १०० तरुण पुरुष आणि १५ तरुणी अशा सोव्हिएत रशियातल्या लोकांवरून. कोल्हापूरच्या पैलवानाचं किंवा मेळघाटातल्या आजीबाईंचं गणित आपण याच आकड्यांनी मांडतो. पाश्चात्त्य चालीत गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. उकिडवं बसताना तो दीडशेच्या आसपास जातो. जयपूर फूट १९६० च्या दशकाच्या अखेरीस जन्माला आला, तो अनवाणी चालणाऱ्या आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाला परदेशी पाय उपयोगी पडत नव्हता म्हणून. ऊसतोडीत डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई, मल्लखांबावरच्या मुलाची पकड, आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालणारे साठीतले वारकरी : यांपैकी प्रत्येकात एकेका प्रबंधाचा ऐवज आहे. हे प्रश्न अॅमस्टरडॅमला सुचणार नाहीत.

पैशाची बाजूही मांडायला हवी. डच विद्यार्थी पगार घेतो, अमेरिकी विद्यार्थ्याला अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाच्या कामातून फी-माफी आणि विद्यावेतन मिळतं. आपल्याकडे जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्याबाहेर राहिलेला विद्यार्थी नोकरी सांभाळून काम करतो आणि प्रयोगाऐवजी प्रश्नावलीकडे वळतो. शारीरिक शिक्षणात सर्वेक्षणाधारित प्रबंधांचा एवढा सुकाळ का, याचं उत्तर आळसापेक्षा खिशात जास्त आहे.

निष्कर्ष

२०२२ च्या नियमांनी आंतरविद्याशाखीय विषयासाठी विभागाबाहेरचा, विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक घ्यायला परवानगी दिली आहे. कोर्सवर्कचे क्रेडिट्स कुठल्या विभागात घ्यायचे हे विद्यापीठ ठरवू शकतं. म्हणजे नवा कायदा नको, नवं केंद्र नको. हालचालींवरच्या प्रत्येक पीएच.डी.साठी निम्मं कोर्सवर्क दुसऱ्या विद्याशाखेत, सहमार्गदर्शक सक्तीचा, आणि पहिल्या दीड वर्षात विषयाच्या रुंदीवर एक परीक्षा, एवढ्या तीन अटी एखाद्या विद्यापीठाने ठरावाने लावल्या तरी चित्र पालटेल. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पुणे विद्यापीठ आणि पवईची आयआयटी यांच्यात एक सामंजस्य करार पुरेसा आहे.

तोवर ज्यांना या वाटेने जायचं आहे, त्यांनी नोंदणीआधी गाइडला चार प्रश्न विचारावेत. माझं मोजमाप कुठल्या यंत्रावर होईल आणि ते आठवड्यात किती दिवस माझ्या हाती असेल? संख्याशास्त्र मला कोण शिकवेल? नैतिकता समिती वर्षातून किती वेळा बसते? माझ्या समितीत तुमच्या विभागाबाहेरचं कोण असेल? चारपैकी तीन उत्तरं पक्की मिळाली तर नाव नोंदवा. न मिळाली तर दुसरा गाइड शोधा, भले त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं तरी चालेल.